माती भाजणाऱ्या बाई

रत्नागिरीत अजूनही कुणी बाईंना ‘ती डुकरंवाली’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारचे गृहस्थ, चांगले शिकलेसवरलेले, मठ्ठ्याचा भुरका मारत मला म्हणाले, “तुम्ही म्हणे त्या डुकरंवालीकडे भाड्यानं राहत होता?” मी म्हटलं, “हो. आणि तुमच्या मातोश्रींना विचारा, जन्मल्यावर तुम्ही रडेनात तेव्हा उलटं धरून पाठीत चापट कुणी मारली होती. ती बसली नसती तर आज मठ्ठा प्यायला आला नसता.” गृहस्थ पानातल्या जिलबीकडे बघत बसले. आजूबाजूचे हसले. मला काही हसू आलं नाही.

बाई म्हणजे इस्पितळातल्या बाळंतिणींच्या वॉर्डातल्या जुन्या नर्स. अर्ध्या गावाची नाळ त्यांनी कापलेली. मी त्यांना ओळखायला लागले ते त्या निवृत्त झाल्यानंतर, पन्नास सालाच्या पुढे. मी मूळची खेडची. इथल्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि खोली शोधत गावभर फिरले. एकट्या बाईमाणसाला खोली द्यायला कुणी तयार नाही. एकीनं विचारलं लग्न का नाही केलं, दुसरीनं विचारलं कुणी भेटायला येतं का. बाईंनी दारातच मला आपादमस्तक न्याहाळलं आणि एकच प्रश्न टाकला.

“वास चालेल?”

“कसला?”

“डुकरांचा. नसेल चालत तर आत्ताच सांगा. मी धूपबीप जाळणार नाही.”

मी चालेल म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पायात चालायचं त्राण उरलं नव्हतं.

ही डुकरं कुठून आली, त्याचीही गंमत आहे. गावात एक गोरे डॉक्टर होते. ते आणि त्यांची मडम मायदेशी निघाले तेव्हा घरातलं सामान वाटायला काढलं. गाय हातोहात गेली. कोंबड्या गेल्या. बाजाची पेटी गेली, जिचा सूर कुठला ते घेणाऱ्याला ठाऊक नव्हतं. राहिली ती विलायती डुकरांची जोडी, गोरीपान आणि लांब कानांची. तिच्याकडे बघायलाही कुणी तयार नाही. मडम रडायला लागली. बाई म्हणाल्या, “रडू नका. मी नेते.” आणि भर बाजारातून दोन दोऱ्या हातात धरून घरी घेऊन आल्या. त्या दिवशी दुकानदारांनी पटापट फळ्या लावल्या म्हणतात. बाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट दर वेळी सांगताना डोळे चमकायचे.

डुकरांचं खोपट घराच्या मागे होतं, त्याला त्या ‘वॉर्ड’ म्हणत. तिथं जाताना अंगावर जुना पांढरा गणवेश, छातीला टाचलेलं घड्याळ. पिल्लांना नावं नव्हती, खाटांसारखे नंबर होते. “तीन नंबरनं रात्री काही घेतलं नाही,” असं त्या सकाळी चहा गाळताना सांगायच्या. पिल्लांना जुन्या लुगड्याच्या झोळीत घालून ताणकाट्याला लटकवायच्या आणि वजन कमी भरलं तर माझ्याशीसुद्धा धड बोलायच्या नाहीत.

आणि पिल्लांचं अंगावरचं दूध तोडायची वेळ आली, की घरात सुतक आल्यासारखं व्हायचं. “हा आठवडा वाईट,” त्या म्हणायच्या. “आई गेली, दूध गेलं, आणि पोटाला अजून कुणी सांगितलेलं नाही. माणसाचं पोर काय, डुकराचं काय, इथंच खंगतं. लोक काय करतात, दूध तोडतात आणि उष्टंखरकटं पुढं ढकलतात. मग म्हणतात डुक्कर घाण खातं. अरे, तुम्ही द्याल ते खातं!”

त्यासाठी त्यांचा खुराक ठरलेला होता. नाचणीची पातळ पेज. तिच्यात मोरी माशाच्या काळजाचं तेल. शिंपल्या जाळून केलेली पूड चिमूटभर. आणि सुक्या मासळीचा कुटा, म्हणजे पोत्याच्या तळाशी राहतो तो डोकी-शेपट्यांचा भुगा. त्या तेलाच्या वासापुढे डुकरांचा वास म्हणजे अत्तर. मला एकदा ताप आला होता तर तेच तेल चमचाभर माझ्या घशात ओतलं. मी थुंकायला गेले तर नाक धरलं. म्हणाल्या, “मास्तरीणबाई, तुमच्याहून दोन नंबर शहाणा आहे.”

कोणी जात विचारली की बाईंचं उत्तर ठरलेलं. “तुझ्या आईला कळा येत होत्या तेव्हा तिनं विचारली नाही. तू कशाला विचारतोस?” मी इतकी वर्षं राहिले, मलाही शेवटपर्यंत कळली नाही. विचारायची छातीच नव्हती.

आता खालाबद्दल सांगायला हवं. खाला म्हणजे राजिवड्याच्या मुसलमान मोहल्ल्यातली सुकी मासळी विकणारी विधवा, दणकट, तोंडाची फटकळ. तिच्या मुलीच्या अडलेल्या बाळंतपणात बाई सगळी रात्र उभ्या होत्या, तेव्हापासूनची दोघींची मैत्री. कुटा तिच्याकडूनच यायचा. पण डुकरांसाठी कुटा देते म्हटल्यावर तिच्या मोहल्ल्यात तिला कोण उभं करणार? आणि तिचं तिलाही ते पटणारं नव्हतं. मग ती काय करायची, पोतं फाटकाबाहेर कुंपणाच्या दगडी गडग्याला टेकवायची आणि मोठ्यानं सांगायची, “बाय, मी माडाला देतंय हां! पुढं तू काय करतंस, ते माझ्या कानावर घालू नको.”

माडाला मासळीचं खत घालतात हे खरंच आहे. पण बाईंच्या आवारात माडच नव्हता. आंबा होता, दोन फणस होते, माड एकही नाही.

पहिल्याच पोत्यानंतर बाई उठल्या आणि भाट्याला जाऊन नारळाचं रोप घेऊन आल्या. फाटकाजवळ खड्डा खणून लावलं. मी म्हटलं, “एवढी कसली घाई?” तर म्हणाल्या, “खाला देवाला मानणारी बाई आहे. माझ्यापायी ती खोटी पडता कामा नये.” तेव्हापासून रिवाज पडला. पोतं आलं की पहिली मूठ माडाच्या बुंध्यात, मग बाकीचं वॉर्डात. पाऊस असो, घाई असो, पहिली मूठ माडाची. आणि खालानं कधी फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. दोघी गडग्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून तासन्‌तास बोलायच्या.

आमच्या शेजारी एक वकील राहायचे. वकिली बेताची, तक्रारी भरपूर. त्यांनी नगरपालिकेत अर्ज दिला की डुकरांमुळे वस्तीत रोगराई होते, सबब ती हलवावीत. बाईंना सभेला बोलावणं आलं. मीही गेले, शाळेत डोकं दुखतंय सांगून. वकीलसाहेब पाऊण तास बोलले. डुक्कर म्हणजे चिखल, डुक्कर म्हणजे जंत, डुक्कर म्हणजे पटकी. बाईंनी ऐकून घेतलं, घड्याळाकडे पाहिलं आणि उभ्या राहिल्या.

“पावसाआधी माझ्याकडे या,” त्या म्हणाल्या. “दूध तुटलेली पिल्लं दाखवते. त्या वयात जनावर लपवाछपवी करू शकत नाही. त्यात एक जरी रोगट निघालं, तर सगळी डुकरं मी माझ्या हातानं गावाबाहेर काढीन. आणि नाही निघालं, तर हा अर्ज फाडायचा. कबूल?”

अध्यक्ष कबूल म्हणाले, पाहणीला समिती घेऊन येतो म्हणाले. त्यांना जेवायला जायचं होतं.

मला वाटलं, झालं, बाई जिंकल्या. त्यांच्या हातची पिल्लं रोगट निघतील? शक्यच नव्हतं. पण बाईंच्या अंगात खुमखुमी. वकील ‘चिखल’ म्हणाले ना, तो शब्द त्यांच्या जिव्हारी लागला होता. “चिखल काय? थांब, दाखवते.” पदरमोड करून वॉर्डात शहाबादी फरशी बसवून घेतली. सांधे सिमेंटनं बुजवले. दिवसातून दोनदा फिनेलनं धुणं. तिथं मुंगीसुद्धा घसरून पडली असती. डुकरीण त्याच लखलखीत फरशीवर व्याली. वकील गडग्यावरून डोकावून गेले आणि त्यांचा चेहरा पडला. बाई त्या दिवशी जेवताना गुणगुणत होत्या.

पण पिल्लं मात्र नीट वाढेनात. अंगावर होती तोवर कशीबशी राहिली. दूध तोडलं आणि बघता बघता खंगली. केस राठ झाले. चार पावलं चालली की धापा टाकायची. पेज तीच, तेल तेच, कुटा तोच. बाईंनी तेल वाढवलं. मग कुटा वाढवला. फिनेलचं धुणं तीनदा केलं. पिल्लाला उचलून त्याचा कान उन्हासमोर धरायच्या. कानातून ऊन लाल दिसायला हवं, ते कागदासारखं पांढरं दिसायचं. समितीचा दिवस जवळ येत होता. त्या आता गुणगुणत नव्हत्या. रात्रीचं जेवणही नको म्हणायच्या. मी एकदा चाचरत म्हटलं, “बाई, शब्द मागे घ्या. सांगा की या खेपेला जमत नाही.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं भांडी घासायला गेले.

एका दुपारी शाळेतून आले तर बाई मागच्या अंगणात पालथ्या घमेल्यावर बसलेल्या. मला बोटानं खूण केली, आवाज करू नका. वॉर्डाच्या कोपऱ्यात गिलावा पडून आतला जांभा दगड उघडा पडला होता. सगळ्यात रोडका सात नंबर तिथं उभा राहून भिंत चाटत होता. नुसता चाटत नव्हता, दातांनी खरवडत होता. त्याचं नाकाड तांबडंलाल झालं होतं.

“मास्तरीणबाई,” बाई हळू आवाजात म्हणाल्या, “माझ्या वॉर्डात पांढऱ्याफटक पोटुशी बाया यायच्या. त्यांच्या उशाखाली काय सापडायचं ठाऊक आहे? जांभ्याचे खडे. चोरून खायच्या. मी खडे काढून घ्यायची, ओरडायची, आणि लोहाचं औषध पाजायची. रक्तात लोह नसलं की माणूस माती मागतं, हे मी शिकाऊ पोरींना घोकून घोकून शिकवलं. जन्मभर शिकवलं! आणि स्वतःची पाळी आली तेव्हा काय केलं? फरशी घातली. वर फिनेल!” त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “आधीची पिल्लं मातीत लोळायची, हवं ते उकरून खायची. मी वकिलावर सूड घ्यायला गेले आणि पोरांच्या तोंडची माती काढून घेतली.”

मग ज्या उठल्या त्या थेट कुदळ घेऊन. घरामागच्या चढावर, जिथं डुकरांचा पाय लागला नव्हता, तिथली तांबडी माती खणली. चाळली. पण शेवटी नर्सच ती! अशीच, जंतांसकट, कशी देणार? तीन दगडांची चूल मांडली आणि माती भाजायला घेतली. कढई कुठली? माझी! आईनं खेडहून लाडवांसाठी दिलेली. मी बोंब मारली, पण पालथ्या घड्यावर पाणी. तीत पुढे कधी लाडू झाले नाहीत.

वकील गडग्यावरून डोकावले. “हे काय चाललंय?”

“माती भाजत्येय.”

“कशासाठी?”

“वाढायला. येताय पंगतीला?”

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. त्यांनी घमेली भरभरून माती त्या महागाच्या फरशीवर ओतली. मला भीती वाटली. म्हटलं, “बाई, समिती येणार आणि तुम्ही चकचकीत फरशी मातीखाली गाडताय? वकिलांना आयतंच सापडेल.”

“त्यांना फरशी दाखवायचीय की पिल्लं?” त्या म्हणाल्या आणि पुढचं घमेलं ओतलं.

पिल्लं त्या मातीवर अशी तुटून पडली म्हणता! नाकं खुपसून, फुरफुरून, एकमेकांना ढकलून. पेज, तेल, कुटा चालूच होतं. आता ते अंगी लागायला लागलं. हळूहळू धाप गेली, केस मऊ झाले. सात नंबर मात्र आकारानं मागेच राहिला.

समिती आली. पाच-सहा जण, सगळ्यांच्या नाकाला रुमाल. वकील पुढे. आत पाऊल टाकताच त्यांना आनंदाचं भरतं आलं. “पाहा! पाहा ही घाण! फरशीवर चिखलमाती! हेच मी सांगत होतो.”

बाईंनी मूठभर माती उचलली आणि त्यांच्यापुढे धरली. “वकीलसाहेब, ही रत्नागिरीची माती. हिच्यात तुमचा हापूस होतो, तो तुम्ही पेट्या भरून मुंबईच्या साहेबांना पाठवता. हिला घाण म्हणता? म्हणा. पण मोठ्यानं म्हणा, आणि अध्यक्ष, ते इतिवृत्तात लिहून घ्या.”

वकिलांनी मोर्चा वळवला. नेमकी त्याच वेळी खाला पोतं घेऊन फाटकापाशी आली होती. ते गरजले, “काय गं, तू हिला डुकरांसाठी मासळी विकतेस ना?”

समितीत तिच्या मोहल्ल्यातले एक वजनदार गृहस्थ होते, तेही वळून बघायला लागले. खालाचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. “मी माडाला देतंय.”

“माड? कुठाय माड?”

बाईंनी बोट दाखवलं. फाटकाच्या आत, खालापासून हातभर अंतरावर, कमरेएवढा वाढलेला माड. बुंध्याशी मागच्या पोत्यातला कुटा. मोहल्ल्यातले ते गृहस्थ माडाकडे बघून मान डोलावते झाले. “चांगला लागलाय,” म्हणाले.

मग पिल्लं. वकिलांनी सात नंबरकडे बोट केलं. “हे बघा. हे मरतुकडं.”

बाईंनी त्याला उचललं. तो हातात वळवळला, किंचाळला. त्यांनी त्याचा कान उन्हासमोर धरला आणि अध्यक्षांना म्हणाल्या, “रुमाल काढा आणि बघा.” कानातून ऊन जास्वंदीसारखं लाल दिसत होतं. बारीक बारीक शिरा दिसत होत्या. “लहान आहे. रोगट नाही. लहान असणं हा रोग असेल तर आधी आपली नगरपालिका हलवा.”

अध्यक्षांना हसू आवरेना. ‘जनावरे निरोगी’ असं त्यांनी लिहून घेतलं. आणि आठवड्यानं हुकूम आला, की जनावरे निरोगी असली तरी नागरिकांच्या भावना लक्षात घेता ती हलवावीत. अर्ज फाडलाच नव्हता! शब्द दिला होता त्याचं काय? मी इतकी संतापले की हुकूम चुलीत घालायला निघाले. बाईंनी माझ्या हातातून घेतला, शांतपणे वाचला, घडी घातली. “मी माझा शब्द पाळला. यांना हलवायची असतील तर यांनी हलवावीत. कोण हात लावतो बघू.”

आणि खरोखर, कोण हात लावणार? नगरपालिकेत झाडून सगळे शिवाशिवीवाले. शिपाई नको म्हणाला, त्याचं सोवळं. दुसऱ्याचा धर्म आडवा आला. शेवटी सफाई कामगारांना पाठवलं, त्यांना काय, कसंही हाकलता येतं असा हिशेब. ते आले. बाईंनी त्यांना पडवीत बसवलं आणि आमच्याच कपांतून चहा दिला. मुकादमानं चहा संपवला, कप स्वतः विसळून पालथा घातला आणि बाहेर उभ्या असलेल्या साहेबाला सांगितलं, “साहेब, आमच्या वस्तीत दुसरी कुणी नर्स पाय ठेवत नव्हती. माझी सगळी पोरं या बाईच्या हातावर जन्मली. आम्ही नाही हात लावणार. तुम्ही धरा, आम्ही दोरी देतो.”

साहेब डुकरिणीकडे बघत राहिला. डुकरीण साहेबाकडे बघत राहिली. साहेब गेला. डुकरं राहिली. वर्षानुवर्षं राहिली.

बाई गेल्या त्या पन्नासच्या दशकाच्या शेवटाला, झोपेत, कुणाला त्रास न देता. नेमक्या पिल्लांचं दूध तोडण्याच्या आठवड्यात. अंगणात माणसं जमली. वकीलही आले. माणूस अगदीच वाईट नव्हता, डोळे ओले होते त्याचे. पण सवय जाते थोडीच? घसा खाकरून विचारलं, “पुढचं कसं करायचं? म्हणजे त्यांची जात कोणती होती? तसे विधी…”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, “तुमच्या आईला कळा येत होत्या तेव्हा तिनं विचारली नाही. तुम्ही कशाला विचारता?”

मुकादमानं पुढं होऊन खांदा दिला. मागोमाग आणखी तिघे झाले. वकील गडग्याला धरून उभे होते ते सगळे जाईपर्यंत तसेच उभे.

मी एकटी घरात राहिले. बायकांनी मागे राहायचं असतं ना! आणि मागच्या अंगणात पिल्लं ओरडायला लागली. सकाळपासून उपाशी. आई तोडलेली, दूध तोडलेलं, आणि पेज ढवळणारी बाई निघून गेलेली. मला रडूही येईना, उठवेनाही. ऐकत बसले.

तेवढ्यात फाटक वाजलं. खाला होती. डोक्यावर पोतं. इतक्या वर्षांत जी गडग्याच्या आत आली नाही, ती फाटक लोटून सरळ आत आली. माड आता माझ्या दुप्पट उंच झाला होता. तिनं पोतं त्याच्या बुंध्याशी उतरवलं, तोंड सोडलं, मूठभर कुटा काढला आणि मुळाशी घातला. हात झटकले.

“माडाला आणलंय,” ती म्हणाली.

मी त्या पोत्याकडे पाहिलं. शिगोशीग भरलेलं. “एवढं सगळं एका माडाला?”

खालानं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं. मागून पिल्लांचा आक्रोश चालूच होता. तिनं तिकडे मान वळवली नाही.

“तुझ्या बायचा माड खादाड हाय गो,” ती म्हणाली. “बघतंस काय? चूल पेटव.”